प्रकाशरासायनिक परावर्तन निर्देशांक

प्रकाशरासायनिक परावर्तन निर्देशांक हा वनस्पतींच्या पानांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या आधारे त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता अजमावण्याचा एक मापदंड आहे. इंग्रजीतील फोटोकेमिकल रिफ्लेक्टन्स इंडेक्स या नावाच्या आद्याक्षरांवरून तो पीआरआय या संक्षेपाने ओळखला जातो. ५३१ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश आणि ५७० नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळसर हिरवा प्रकाश यांचे परावर्तन मोजून हा निर्देशांक काढला जातो. पानाला स्पर्श न करता, मनोऱ्यावरून, विमानातून किंवा उपग्रहावरूनही ही मापने घेता येत असल्याने सुदूर संवेदनाच्या क्षेत्रात त्याचा उपयोग केला जातो.

वन हिरवे दिसणे आणि त्या वनात प्रकाशसंश्लेषण जोमाने चालू असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सदाहरित वृक्षांच्या बाबतीत तर पानांचा हिरवा रंग वर्षभर जवळपास तसाच राहतो. मात्र कडाक्याच्या थंडीत किंवा दीर्घ अवर्षणात त्यांचे कार्बन ग्रहण करण्याचे काम मंदावते, क्वचित थांबतेही. केवळ हिरवेपणा मोजणाऱ्या निर्देशांकांना हा बदल टिपता येत नाही. ती उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातून पीआरआयची कल्पना महत्त्व पावली.

पार्श्वभूमी

पानावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी काही भाग शोषला जातो, काही पानातून आरपार जातो व उरलेला परावर्तित होतो. कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परावर्तित होईल हे पानातील रंगद्रव्ये, पाण्याचा अंश आणि पेशींची अंतर्रचना यांवर अवलंबून असते. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. हिरवा प्रकाश त्या मानाने कमी शोषला जात असल्याने पान आपल्याला हिरवे दिसते. डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश मात्र पानातील पेशी व त्यांमधील हवेच्या पोकळ्यांमुळे विखुरला जातो आणि निरोगी पान त्याचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग परत पाठवते. तांबड्या प्रकाशाकडून अवरक्ताकडे जाताना, साधारणपणे ६८० ते ७५० नॅनोमीटरच्या दरम्यान, परावर्तनाचा आलेख एकदम उंचावतो.

शोषलेल्या प्रकाशऊर्जेचे पुढे मुख्यत्वे तीन प्रकारे विनियोजन होते. पहिला भाग प्रकाशसंश्लेषणाच्या रासायनिक क्रियेत खर्ची पडतो. दुसरा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकला जातो. तिसरा, अत्यल्प भाग हरितद्रव्याच्या अनुस्फुरणाच्या रूपाने, म्हणजे मंद तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या रूपाने, पुन्हा उत्सर्जित होतो. या तीन वाटांची बेरीज शोषलेल्या ऊर्जेइतकी असावी लागते. त्यामुळे उष्णतेची किंवा अनुस्फुरणाची वाट किती वापरली जात आहे हे कळले, तर रासायनिक क्रियेच्या वाटेविषयी अनुमान बांधता येते. पीआरआय यांपैकी उष्णतेच्या वाटेशी निगडित आहे.

हिरवेपणाच्या मापनाची मर्यादा

वनस्पतींच्या उपग्रहीय निरीक्षणाला लँडसॅट १ या उपग्रहाच्या २३ जुलै १९७२ रोजी झालेल्या प्रक्षेपणानंतर वेग आला. तांबड्या व निकट अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून मिळणारा एनडीव्हीआय हा निर्देशांक पुढे जगभर रूढ झाला. पिकांची वाढ, दुष्काळाची व्याप्ती, वनाच्छादनातील घट अशा कितीतरी बाबींसाठी तो आजही वापरला जातो. एखाद्या भूभागावर हिरवी पाने किती आहेत आणि ती किती प्रकाश शोषू शकतील हे त्यावरून समजते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन मॉन्टिथ यांनी १९७२ व १९७७ मधील शोधनिबंधांत वनस्पतींच्या उत्पादनाची मांडणी एका सोप्या गुणाकाराने केली. वनस्पतीने शोषलेला प्रकाश आणि त्या प्रकाशाचा उपयोग करण्याची तिची कार्यक्षमता यांचा गुणाकार म्हणजे तिचे उत्पादन होय. यांपैकी पहिला घटक एनडीव्हीआयसारख्या निर्देशांकांवरून बऱ्यापैकी काढता येतो. दुसरा घटक, म्हणजे प्रकाश-उपयोग कार्यक्षमता, मात्र तासागणिक, ऋतूगणिक व प्रजातीगणिक बदलतो. उपग्रहांच्या आधारे उत्पादनाचे जागतिक नकाशे तयार करताना हा घटक बहुधा वनस्पतिप्रकारानुसार ठरवलेल्या कोष्टकातून घेतला जातो आणि तापमान व हवेचा कोरडेपणा पाहून कमी केला जातो. म्हणजेच तो प्रत्यक्ष मोजलेला नसून गृहीत धरलेला असतो. हा घटकही पानांवरून येणाऱ्या प्रकाशातूनच मोजता यावा, असा पीआरआयमागील उद्देश आहे.

शास्त्रीय आधार : झँथोफिल चक्र

अनेक वनस्पतींमध्ये पूर्ण उन्हाच्या निम्म्याहून कमी प्रकाशातच प्रकाशसंश्लेषणाचा वेग आपल्या कमाल मर्यादेकडे पोहोचू लागतो. त्यापलीकडे शोषलेली ऊर्जा ही वनस्पतीसाठी गरजेपेक्षा अधिक ठरते. पाण्याच्या अभावी पर्णरंध्रे मिटलेली असतील किंवा थंडीमुळे विकरांचे कार्य मंदावले असेल, तर ही अतिरिक्त ऊर्जा आणखी वाढते. तिचा निचरा न झाल्यास ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होऊन हरितलवकांना इजा पोहोचते.

या संकटापासून बचावाची एक व्यवस्था म्हणजे झँथोफिल चक्र होय. झँथोफिले ही कॅरोटिनॉइड गटातील पिवळी रंगद्रव्ये आहेत. प्रकाश गरजेपेक्षा अधिक झाला, की हरितलवकातील पटलांच्या आतील पोकळीची आम्लता वाढते. त्या आम्लतेमुळे एक विकर कार्यान्वित होते आणि ते व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचे प्रथम अँथेराझँथिनमध्ये व नंतर झियाझँथिनमध्ये रूपांतर करते. झियाझँथिनच्या उपस्थितीत अतिरिक्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निरुपद्रवीपणे बाहेर पडते. प्रकाश मंदावला, की दुसऱ्या विकराच्या साहाय्याने उलट रूपांतर होऊन पुन्हा व्हायोलाझँथिन तयार होते. हे बदल काही मिनिटांत सुरू होतात. ढगाची सावली येऊन गेली तरी पानात ही हालचाल होत असते.

या चक्राचा पानाच्या वर्णपटावर अगदी सूक्ष्म ठसा उमटतो. झियाझँथिन वाढले आणि पटलांच्या रचनेत त्यासोबतचे बदल झाले, की ५३१ नॅनोमीटरच्या आसपास पान थोडा अधिक प्रकाश शोषते व तेथील परावर्तन किंचित घटते. ५७० नॅनोमीटरवर मात्र या चक्राचा प्रभाव जवळपास पडत नाही. म्हणून पहिली तरंगलांबी संकेत देणारी आणि दुसरी तुलनेसाठी आधार म्हणून घेतली जाते.

सूत्र आणि उदाहरण

५३१ नॅनोमीटरवरील परावर्तन 'प५३१' व ५७० नॅनोमीटरवरील परावर्तन 'प५७०' असे लिहिल्यास निर्देशांकाचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे :

पीआरआय = (प५३१ − प५७०) ÷ (प५३१ + प५७०)

सूत्राचा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. सकाळी एका पानाचे परावर्तन ५३१ नॅनोमीटरवर ५.० टक्के आणि ५७० नॅनोमीटरवर ५.२ टक्के असेल, तर पीआरआय सुमारे −०.०२ येतो. भर दुपारी पहिले परावर्तन ४.७ टक्क्यांवर उतरले व दुसरे ५.२ टक्केच राहिले, तर तो सुमारे −०.०५ होतो. म्हणजे निर्देशांक घटला, याचा अर्थ पान अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देत आहे व प्रकाशाचा उपयोग कमी कार्यक्षमतेने करत आहे. येथे मूळ फरक एका टक्क्याहूनही कमी आहे. तो डोळ्यांना जाणवत नाही. त्यासाठी वर्णपटाचे अरुंद पट्टे वेगवेगळे मोजू शकणारे वर्णपटमापक आवश्यक असते.

सुरुवातीच्या काही लेखनात वजाबाकीचा क्रम उलटा आढळतो, तसेच आधारासाठी ५७० ऐवजी ५५० नॅनोमीटरही वापरलेले दिसते. म्हणून जुन्या व नव्या अभ्यासांतील आकड्यांची तुलना करताना मूळ सूत्र तपासून पाहणे गरजेचे असते.

इतिहास

प्रकाशामुळे व्हायोलाझँथिनच्या प्रमाणात होणारे बदल १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ सापोझ्निकोव्ह यांनी नोंदवले. १९६० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी यामामोतो यांनी या चक्राचे रासायनिक स्वरूप उलगडले. १९८७ मध्ये बार्बरा डेमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी झियाझँथिन आणि ऊर्जेचे उष्णतेत होणारे विसर्जन यांचा संबंध दाखवून दिला. तोवर हा विषय प्रामुख्याने वनस्पतिक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळांपुरता होता.

तो प्रयोगशाळेबाहेर आणण्याचे श्रेय मुख्यतः जॉन गॅमन, क्रिस्टोफर फील्ड, जोसेप पेन्युएलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. १९९० मध्ये त्यांनी सूर्यफुलाच्या पानांवर व पर्णछत्रांवर केलेल्या निरीक्षणांतून झँथोफिल चक्राचा ठसा परावर्तित प्रकाशात दिसतो हे सिद्ध केले. १९९२ मध्ये गॅमन, पेन्युएलास व फील्ड यांनी हा निर्देशांक मांडला. तेव्हा त्याच्या नावात 'प्रकाशरासायनिक' ऐवजी 'शरीरक्रियात्मक' या अर्थाचा शब्द होता. पुरेसे पाणी मिळालेल्या तसेच नत्राची कमतरता असलेल्या सूर्यफुलांमध्ये दिवसभरातील कार्यक्षमतेचा चढउतार या निर्देशांकाने टिपला. पाण्याअभावी दुपारी पाने मलूल होऊन लोंबू लागलेल्या पिकात मात्र तो अपयशी ठरला, कारण पानांचा कल बदलल्याने परावर्तनच बदलले होते. हे अपयश त्याच शोधनिबंधात नोंदवलेले आहे. पानावर अचूक ठरणारे मापन पर्णछत्रावर फसू शकते, ही अडचण पुढील संशोधनातही कायम राहिली. १९९७ मध्ये गॅमन व सहकाऱ्यांनी अनेक प्रजातींच्या पानांवर या निर्देशांकाची उपयुक्तता दाखवून दिली.

पानापासून वनापर्यंत

वनातील प्रकाशसंश्लेषण पडताळण्यासाठी झाडांच्या शेंड्यांहून उंच मनोरे उभारले जातात. त्यांवरील उपकरणे हवेच्या भोवऱ्यांचा उभा वेग आणि त्यातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सेकंदाला अनेकदा मोजतात व त्यांवरून वन आणि वातावरण यांच्यातील वायूची देवाणघेवाण काढली जाते. अशा मनोऱ्यांचे फ्लक्सनेट हे जागतिक जाळे आहे. एक मनोरा साधारणतः भोवतालच्या काही शेकडो मीटर ते एखादा किलोमीटर परिसराचेच चित्र देतो, त्यामुळे विस्तीर्ण वनांसाठी उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो. मनोऱ्यावरच वर्णपटमापक बसवून दोन्ही मापनांचा मेळ घालण्याचे प्रयोग झाले आहेत. कॅनडातील व्हँकुव्हर बेटावरील डग्लस फर वृक्षांच्या वनात थॉमस हिल्कर, निकोलस कूप्स व सहकाऱ्यांनी २००० च्या दशकात चहूबाजूंनी फिरून विविध कोनांतून मापन करणारे स्वयंचलित उपकरण बसवले. उन्हातील पाने आणि सावलीतील पाने यांच्या पीआरआयमधील फरक हाच कार्यक्षमतेचा उपयुक्त संकेत असल्याचे अशा अभ्यासांतून पुढे आले.

उपग्रहांवरून पीआरआय मोजण्याची संधी काहीशा अनपेक्षित मार्गाने मिळाली. १८ डिसेंबर १९९९ रोजी प्रक्षेपित झालेल्या टेरा व ४ मे २००२ रोजी प्रक्षेपित झालेल्या ॲक्वा या उपग्रहांवरील मोडिस या उपकरणात ५२६ ते ५३६ नॅनोमीटरचा एक पट्टा आहे. हा पट्टा मुळात महासागरांच्या निरीक्षणासाठी योजला होता. त्याचा वनांसाठी उपयोग करून २००५ मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातील पानझडी ॲस्पेन वृक्षांच्या वनात कार्यक्षमतेचा वर्षागणिक बदल टिपता येतो असे दाखवण्यात आले. मोडिसमध्ये ५७० नॅनोमीटरचा पट्टा नसल्यामुळे तुलनेसाठी अन्य पट्टे घ्यावे लागतात.

सदाहरित सूचिपर्णी वने

या पद्धतीची खरी कसोटी उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांच्या सूचिपर्णी वनांत लागली. पाइन व स्प्रूस हे वृक्ष हिवाळ्यातही हिरवेच असतात. परंतु गोठणबिंदूखालील तापमानात त्यांचे प्रकाशसंश्लेषण थांबते आणि वसंतात पुन्हा सुरू होते. हिवाळ्यात झियाझँथिन रात्रीही पुरते परतवले जात नाही व हरितद्रव्याच्या तुलनेत कॅरोटिनॉइडांचे प्रमाण वाढलेले राहते. त्यामुळे पीआरआयमध्ये दोन प्रकारचे बदल एकत्र दिसतात. एक, झँथोफिल चक्रामुळे मिनिटामिनिटाला होणारा. आणि दुसरा, रंगद्रव्यांच्या प्रमाणामुळे आठवड्यांच्या व महिन्यांच्या गतीने होणारा. ऋतुमानाचा विचार करता दुसरा बदल अधिक ठळक असतो.

या निष्कर्षातून २०१६ मध्ये गॅमन व सहकाऱ्यांनी हरितद्रव्य-कॅरोटिनॉइड निर्देशांक मांडला. त्यात ५७० नॅनोमीटरऐवजी मोडिसचा ६२० ते ६७० नॅनोमीटरचा तांबडा पट्टा वापरला जातो. उत्तर अमेरिकेतील सदाहरित सूचिपर्णी वनांत प्रकाशसंश्लेषण केव्हा सुरू होते, केव्हा शिगेला पोहोचते व केव्हा ओसरते याचा मागोवा या निर्देशांकाने घेता आला. एनडीव्हीआयचा आलेख याच वनांत बर्फाच्या आच्छादनाचा परिणाम वगळल्यास तुलनेने सपाट राहतो.

मर्यादा आणि मतभेद

पीआरआय हा प्रकाशसंश्लेषणाचे थेट मापन नसून त्याचा अप्रत्यक्ष संकेत आहे. पानांची घनता, त्यांचा कल, फांद्या व जमीन यांचे परावर्तन, सूर्य व निरीक्षक यांच्यातील कोन आणि हवेतील धूलिकण यांचा त्यावर प्रभाव पडतो. ५३१ नॅनोमीटरवरील अपेक्षित बदल अतिशय लहान असल्याने वातावरणाच्या परिणामाची दुरुस्ती नीट झाली नाही, तर मूळ संकेत लोपून जातो. २०११ मध्ये गार्बुल्स्की व सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पान, पर्णछत्र व परिसंस्था या तिन्ही स्तरांवर पीआरआय आणि कार्यक्षमता यांचा संबंध आढळतो, परंतु सर्वत्र लागू पडेल असे एकच समीकरण हाती येत नाही, असे चित्र त्यातून दिसते.

कोन आणि वातावरण यांमुळे किती मोठा गैरसमज होऊ शकतो याचे उदाहरण ॲमेझॉनच्या वर्षावनांबाबतच्या वादात मिळते. हा वाद पीआरआयविषयी नसून हिरवेपणाच्या निर्देशांकांविषयी होता. तरी त्यातील धडा परावर्तनावर आधारलेल्या सर्व पद्धतींना लागू आहे. २००७ मध्ये स्कॉट सॅलेस्का व सहकाऱ्यांनी २००५ च्या तीव्र अवर्षणात हे वन अधिक हिरवे झाल्याचे उपग्रहीय नोंदींवरून मांडले. २०१० मध्ये अरिंदम सामंता व सहकाऱ्यांनी ढग व धूर यांनी दूषित झालेल्या नोंदी वगळून तो निष्कर्ष नाकारला. २०१४ मध्ये डग्लस मॉर्टन व सहकाऱ्यांनी कोरड्या ऋतूत दरवर्षी दिसणारा हिरवेपणा हा सूर्य व उपग्रह यांच्यातील कोन बदलल्याचा परिणाम असल्याचे प्रतिपादन केले. २०१६ मध्ये मात्र मनोऱ्यांवरील कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून, कोरड्या ऋतूत जुनी पाने गळून नवी कार्यक्षम पाने येत असल्याने प्रकाशसंश्लेषण खरोखरच वाढते, असे दाखवण्यात आले. उपग्रहाच्या नोंदीला जमिनीवरील निरीक्षणाची जोड का लागते हे या घटनाक्रमावरून स्पष्ट होते.

अन्य पद्धतींशी संबंध

अवकाशातून प्रकाशसंश्लेषण अजमावण्याची दुसरी प्रमुख पद्धत हरितद्रव्याच्या अनुस्फुरणावर आधारलेली आहे. जपानच्या गोसॅट या उपग्रहाच्या नोंदींवरून २०११ मध्ये त्याचे पहिले जागतिक नकाशे तयार झाले. पुढे अमेरिकेचा ओसीओ-२ आणि युरोपचा सेंटिनेल-५पी यांच्या नोंदीही त्यासाठी वापरल्या जाऊ लागल्या. खास याच कामासाठी योजलेल्या फ्लेक्स मोहिमेची निवड युरोपीय अवकाश संस्थेने २०१५ मध्ये केली. २०१७ मध्ये बॅजली, फील्ड व बेरी यांनी एनडीव्हीआय आणि निकट अवरक्त परावर्तन यांचा गुणाकार करून एक वेगळा निर्देशांक सुचवला. तो मुख्यतः पर्णछत्राची रचना व शोषलेला प्रकाश दर्शवतो. अनुस्फुरण आणि पीआरआय हे एकाच शोषलेल्या ऊर्जेच्या दोन वेगळ्या वाटांशी निगडित असल्याने या पद्धती परस्परपूरक मानल्या जातात.

५३० नॅनोमीटरच्या परिसरात मापन करू शकणारी साधने आता वाढली आहेत. जपानच्या २०१७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या जीकॉम-सी या उपग्रहावर असा पट्टा आहे. इटलीचा प्रिझ्मा (२०१९), जर्मनीचा एनमॅप (२०२२) आणि अमेरिकेचा पेस (२०२४) हे उपग्रह तर वर्णपटाचे अखंड, अरुंद पट्ट्यांमध्ये मापन करतात.

भारतातील संदर्भ

भारतीय अवकाश संशोधन संस्था व नासा यांनी २०१५-१६ मध्ये भारतातील निवडक वने, शेते, किनारे व खनिजक्षेत्रे यांवरून विमानातून सूक्ष्म वर्णपटीय मापनाची संयुक्त मोहीम राबवली. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी हायसिस हा भारतीय अतिवर्णपटीय उपग्रह प्रक्षेपित झाला. वनांतील कार्बनची देवाणघेवाण मोजणाऱ्या मनोऱ्यांपैकी एक मध्य प्रदेशातील बैतुल येथील सागवानी पानझडी वनात, तर दुसरा आसामातील काझीरंगा येथील निमसदाहरित वनात आहे. काझीरंगा येथील मापन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या प्रकल्पांतर्गत झाले आहे. पावसाळ्यात, म्हणजे पाने सर्वाधिक असण्याच्या काळात, सह्याद्रीसह देशाच्या बऱ्याच भागावर ढगांचे दाट आच्छादन असते. परावर्तित सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या प्रत्येक पद्धतीला भारतात ही अडचण भेडसावते.

महत्त्व

भूपृष्ठावरील वनस्पती दरवर्षी प्रकाशसंश्लेषणाद्वारे वातावरणातून सुमारे १२ हजार कोटी टन कार्बन ग्रहण करतात. त्यातील बहुतांश भाग वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीवांच्या श्वसनाद्वारे परत जातो. या दोन प्रचंड प्रवाहांतील लहानशा फरकावर वनांनी हवेतील किती कार्बन साठवला हे ठरते. म्हणून पहिल्या प्रवाहाच्या अंदाजातील थोडी चूकही हवामानबदलाच्या हिशेबात मोठी ठरू शकते. शिवाय अवर्षणाचा ताण पाने पिवळी पडण्यापूर्वी अथवा गळण्यापूर्वी ओळखता आला, तर वणव्याचा वा कीडरोगाचा धोका असलेल्या वनांकडे वेळीच लक्ष देणे शक्य होते. पाने सुकल्यावर हिरवेपणाच्या निर्देशांकांतही घट दिसते, परंतु तोवर हानी होऊन गेलेली असते. झँथोफिल चक्राचा संकेत त्याआधीच्या, झाड अजून स्वतःचा बचाव करत असतानाच्या अवस्थेचा असतो.

हेही पहा

प्रकाशसंश्लेषण
हरितद्रव्य
सुदूर संवेदन
कार्बन चक्र
सदाहरित वने